खाडीपलीकडचा मर्डो

आर्डमोर, वॅनन नदीकाठ,
व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया
१४ मार्च १९६५

ती. एफी आत्यास,
फेनेलाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. इकडे पारा शंभर फॅरनहाइटवर असताना बाबांनी ते लगेच पायात चढवले. मी हसले तर म्हणाले, आपल्या स्काय बेटावरची लोकर आहे, तिला उन्हाळा कळत नाही.

पावसाचा पत्ता नाही. गवत इतकं वाळलंय की मेंढ्या चालल्या की कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो. बाबांच्या हृदयाचं दुखणं मात्र वाढलं आहे. डॉक्टरांनी घोड्यावर बसायचं नाही असं बजावलं, म्हणून ते आता ट्रॅक्टरवर बसून कुंपणं बघत फिरतात आणि ‘ऐकलं की नाही मी डॉक्टरांचं?’ असं वर मलाच विचारतात.

आता मुद्द्याचं. बाबांचे आजोबा मर्डो १८५२ साली तुमच्या कॅमस बानहून आई मार्सली आणि धाकटी बहीण ऊना यांना घेऊन इकडे आले. परक्याच्या मेंढ्या राखता राखता त्यांनी हे आर्डमोर उभं केलं. लोकर कातरायच्या शेडमागच्या टेकाडावर मार्सली आजी आणि ते शेजारी शेजारी निजलेत. तिच्यावर दगड आहे, त्यांच्यावर नाही. माझ्या डोक्यावर नाव कोरू नका, असं ते मरताना सांगून गेले होते. धर्माला धरून राहणारा साधा माणूस, म्हणून कुणी फार विचार केला नाही. पण बाबांनी आता मनावर घेतलं आहे. मी जायच्या आत आजोबांवर दगड बसलेला बघायचा, असं ते म्हणतात. ऑक्टोबरात सगळ्या शाखांची माणसं जमणार आहेत. नदीतला एक काळा दगड बाबांनी स्वतः निवडून शहरातल्या पाथरवटाकडे टाकला आहे. चुलतभाऊ अ‍ॅलिस्टरने तर या समारंभासाठी आपल्या घराण्याच्या चौकड्यांचा किल्ट, म्हणजे पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा झगा, थेट एडिनबराहून मागवला. त्याचे गुडघे अजून कुणी पाहिलेले नाहीत, त्यामुळे उत्सुकता आहे.

पाथरवटाला मजकूर हवा. मर्डो आजोबांची थोरली बहीण पेगी लग्न होऊन तिकडेच राहिली, आणि तुम्ही तिची नात. त्या पिढीचं ऐकलेलं सांगणारं आता दुसरं कुणी नाही. त्यांचा जन्म कधीचा, कुठल्या घरातला, एवढं कळवाल का?

बाबांचा तुम्हाला नमस्कार. आमच्यावर माया आहे ती ओसरू देऊ नये.

तुमची,
फेनेला


कॅमस बान, स्काय बेट
२ एप्रिल १९६५

चि. फेनेलास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. इकडे वारा इतका की परवा माझी कोंबडी उडून शेजारच्या इशबेलच्या आवारात गेली, आणि इशबेल म्हणते ती मुळात तिचीच. या वयात कोंबडीवरून कोर्टात जायची माझी तयारी आहे. चुलीत जाळायची पीटची माती कापायची आहे, बटाटे लावायचे आहेत, पाठ दुखते. नवे पाद्रीबोवा फार तरुण आहेत. प्रवचन लांबतं आणि आम्ही पेंगतो.

तुझ्या बाबांना, हेक्टरला सांग, आमच्याकडची माणसं हट्टानं जगतात. त्यानेही तसंच करावं.

दगडाचं म्हणशील तर घाई कशाला? नाव नको असं मेलेला माणूस सांगून गेला, तर त्याचा शब्द राखावा. जन्माचं मला विचारू नकोस.

देव तुम्हाला पाऊस देवो. सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी आत्या,
एफी


आर्डमोर
२५ एप्रिल १९६५

ती. एफी आत्यास,
सा. न. वि. वि.

रागावू नका, पण तुमच्या पत्रात कोंबडीला अर्धं पान आणि आजोबांना दोन ओळी. कोंबडी कुणाची हे आता आम्हा सगळ्यांना ठाऊक झालं आहे.

पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते माझ्या हातून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, एफीला आम्ही आपले वाटत नसू. समुद्रापलीकडे गेलेल्यांना कोण धरून बसतं. त्यांनी हे इतक्या शांतपणे म्हटलं की मला भांडताही येईना. आत्या, ज्या गावाचं नाव घेऊन हा माणूस सकाळी उठतो, ते त्याने कधी पाहिलेलं नाही. तिथून दार लागलं तर तो जाईल कुठे?

जन्माची तारीख नसेल तर नसो. ‘मर्डो मॅकॅस्किल, कॅमस बान, स्काय’ एवढंच जूनमध्ये कोरायला घ्या, असं पाथरवटाला सांगितलं आहे. काही चुकत असेल तर त्याआधी कळवा. आणि काही दडवत असाल तर तेही.

तुमच्या उत्तराकडे डोळे लागलेली,
फेनेला


कॅमस बान
१६ मे १९६५

चि. फेनेलास,
अ. उ. आ.

पाथरवटाला थांबव. ते नाव तिथे कोरू नका. थडग्यावर खोटं कोरणं आमच्यात फार मोठं पाप आहे, आणि ते पाप हेक्टरच्या हातून अजाणता घडायला नको.

मर्डो मॅकॅस्किल ऑस्ट्रेलियाला गेलाच नाही. तो इथे आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो, वाळूच्या वरच्या अंगाला, हिरव्या उंचवट्यावर.

पेगी आजीने मला सांगितलं ते सांगते. त्या वर्षी जमीनदाराने मेंढ्यांच्या कुरणासाठी गाव रिकामं करायला घेतलं होतं. जहाजात जागा मिळायची ती ज्या घरात कामाला धडधाकट पुरुष असेल त्यालाच. विधवा मार्सलीच्या घरात तो एकच होता, अठरा वर्षांचा मर्डो. निघायच्या आठवड्यातच तो छातीत सर्दी भरून गेला. घराचं छप्पर तर जमीनदाराच्या माणसांनी आधीच उतरवलेलं. मागे घर नाही, पुढे जहाज नाही, आणि पदरात पाच वर्षांची ऊना.

खाडीपलीकडच्या गावचा इयन नावाचा एक पोरका मुलगा होता. त्याचं गाव आदल्या वर्षीच ओस पडलं होतं. घरोघरी मेंढ्या राखायचा, मिळेल ते खायचा. मर्डोच्याच वयाचा.

हेक्टरला समजावून सांगायला नको, तो मेंढपाळ आहे. कोकरू मेलं की त्याचं कातडं सोलून पोरक्या कोकराच्या अंगावर चढवतात. मेंढी हुंगते, ओळखीचा वास आला की दूध देते. दोन-तीन दिवसांनी कातडं काढलं तरी चालतं, तोवर ते तिचं झालेलं असतं. मार्सलीने हे जन्मभर केलेलं. तिने मर्डोचा कोट न धुता इयनच्या अंगात घातला आणि स्वतःच्या हाताने बटणं लावली.

गावाने मर्डोला कबरस्तानाबाहेर पुरलं. घंटा नाही, दगड नाही. तेव्हाचे पाद्रीबोवा त्या दिवशी खिडकीला पाठ करून बसले होते. धक्क्यावर जहाजाच्या साहेबाने ऊनालाच विचारलं, हा कोण. पेगी आजी म्हणायची की तेव्हा वारासुद्धा पडला. त्या पोरीने एकदा कोटाकडे पाहिलं, एकदा त्याच्या तोंडाकडे, आणि सांगितलं की माझा भाऊ.

आणखी एक. आमच्या कॅमस बानात आर्डमोर नावाचं काहीही नाही. ते खाडीपलीकडे आहे. इयनचं गाव ते.

आता ठरव काय करायचं ते. माझं वय चौऱ्याऐंशी. हे माझ्याबरोबरच जाणार होतं.

आशीर्वाद आहेतच,
एफी


आर्डमोर
८ ऑगस्ट १९६५

ती. एफी आत्यास,
सा. न. वि. वि.

वर ‘आत्या’ लिहिताना पेन थांबलं. रक्ताने आपण आता कुणीच नाही. दुसरं काय लिहावं ते सुचेना, म्हणून तेच लिहिलं. चुकलं असेल तर खोडा.

मी हे बाबांना बरेच आठवडे सांगू शकले नाही. त्यांच्या हृदयाची भीती होती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. लहानपणापासून मी त्या टेकाडावर जाऊन बसते. तिथे कोण निजलंय हे ठाऊक असणं म्हणजेच आपण कोण हे ठाऊक असणं, असं मला वाटायचं. तुमचं पत्र एप्रनच्या खिशात घेऊन मी दिवसचे दिवस पाव भाजले.

शेवटी कोकरं व्हायच्या हंगामात, शेडच्या पायऱ्यांवर चहा घेताना वाचून दाखवलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग कप ठेवला आणि उठून मेंढ्यांत गेले. मी लांबून बघत राहिले. ते काही करत नव्हते, नुसते उभे होते, आणि मेंढ्या त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारख्या जात होत्या.

परत आले तेव्हा डोळे ओले होते, पण चेहरा असा की मी तो कधी पाहिला नव्हता. देवळातून आलेल्या माणसासारखा. म्हणाले, कुणी मर्डो म्हणून हाक मारली की आजोबा जरासं थांबून वळायचे. आम्ही त्यांना बहिरे समजायचो. पोरं मागून हाका मारून चिडवायचो. म्हाताऱ्याला ऐकू चांगलं येत होतं गं, प्रत्येक वेळी तो खाडी ओलांडून यायचा. साठ वर्षं.

मग म्हणाले की आजोबांनी नाव नको म्हटलं ते साधेपणाने नव्हे. ते नाव दुसऱ्याचं होतं. जिवंत असेपर्यंत लागलं तेवढं वापरलं, मेल्यावर परत केलं.

अ‍ॅलिस्टरला कळवलं तर तो फोनवर ओरडलाच. मग आपण कोण, आणि त्या झग्याचं काय, असं विचारत होता. बाबांनी फोन घेतला आणि सांगितलं की मेंढीला विचार. तिने ज्याला दूध पाजलं ते तिचं, आणि झगा घालून ये, तेवढीच करमणूक.

तेव्हा आत्या, आजोबांवर दगड बसणार नाही. त्यांचा शब्द राखायचा ठरलं. पण नदीतला तो काळा दगड बाबांनी परत आणला नाही. त्याच्यावर खऱ्या मर्डोचं नाव कोरून घेतलं आहे. तो आमच्या लोकरीच्या गाठींबरोबर जहाजाने तुमच्याकडे यायला निघेल. ज्याचं नाव त्याला पोचवा, असा बाबांचा निरोप आहे. गावाला त्रास होणार असेल तर नकार द्या, आम्ही समजून घेऊ.

उत्तर काहीही असो, ओळख ठेवावी.

फेनेला


कॅमस बान
२९ ऑगस्ट १९६५

चि. फेनेलास,
अ. उ. आ.

काय खोडू? तुझं डोकं? पेगी आजी दरवर्षी नोव्हेंबरात एक मोज्यांचा जोड विणून ऑस्ट्रेलियाला भावासाठी पाठवायची. मरेपर्यंत पाठवला. तिला ठाऊक नव्हतं का पाय कुणाचे ते? मी लहानपणी एकदा विचारलंच की तुझा भाऊ तर इथे वाळूवर आहे ना. तिने मला सुई टोचली आणि म्हणाली, मला दोन आहेत. तेव्हा मी तुझी आत्या आहे, आणि पुढच्या वेळी असलं काही लिहिलंस तर माझ्याकडेही सुई आहे.

दगड येऊ दे. इथे कुणाला सांगणार नाही. माझ्याशिवाय हे कुणाला माहीत नाही, आणि उगाच गावात चर्चा नको. दोन माणसं लावून गुपचूप बसवून घेईन.

हेक्टरला माझा नमस्कार. त्याला सांग, दार कधी लागलेलं नव्हतं.

तुझी आत्याच,
एफी


कॅमस बान
२४ एप्रिल १९६६

चि. फेनेलास व चि. हेक्टर यांस,
अ. उ. आ.

हे पत्र हेक्टरला मोठ्याने वाचून दाखव. त्याला बसवून.

दगड पोचला. गोणपाट उघडलं तेव्हा तुमच्या लोकरीचा वास आला. इतका काळा दगड आमच्या बेटावरचाच म्हणून खपेल. ‘मर्डो, मार्सलीचा मुलगा, पेगी आणि ऊना यांचा भाऊ’. अक्षर सुंदर आहे. मी बोट फिरवून पाहिलं.

होडीवाला कॅलम आणि त्याचा जावई, दोघांनाच सांगितलं होतं. तेही एवढंच, की वाळूवर एक दगड न्यायचा आहे. कुठे, हे सांगितलं नव्हतं. मी काठी टेकत मागून येत होते. पोचून बघते तर कॅलमने मला न विचारता दगड नेमका त्या उंचवट्यावर उतरवला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने टोपी काढली आणि खाली बघत सांगितलं की खड्डा त्याच्या आजोबांनी खणला होता.

मग इशबेल आली, कोंबडीवाली. काळा पोशाख घालून. त्यांच्या घरात पोरांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जायचं म्हणे, की त्या उंचवट्यावर खेळायचं नाही, कुणी निजलंय. तिच्या मागून शाळेच्या बाजूचे लोक आले. वरच्या शेतातलं म्हातारं जोडपं आलं. कुणी बोलावलं नव्हतं. कॅलमच्या बायकोने दगडावरचं नाव गोणपाटाच्या फटीतून वाचलं होतं, तेवढं पुरलं. फेनेला, प्रत्येक घराला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. शंभराहून जास्त वर्षं हे गाव एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतं, आणि सगळ्यांच्या मेंढ्या तेवढी जागा सोडून चरत होत्या. मी रोज खिडकीतून बघत होते, तरी मला हे कधी दिसलं नाही.

आमचे तरुण पाद्रीबोवा धावत आले. त्यांना एक अक्षर माहीत नव्हतं. प्रवचन केलं नाही, देवाची कृपा. नुसतं विचारलं की याला पुरताना स्तोत्र म्हटलं होतं का. नव्हतं म्हटलं. मग कॅलमने सुरुवातीची ओळ धरली आणि आम्ही सगळ्यांनी मागून उचलली. एवढ्या वर्षांचं राहिलेलं गाणं. आमचा आवाज काही गोड नाही, तुटका आहे, पण त्या दिवशी तो आमचा वाटला नाही.

स्तोत्र संपल्यावर कुणी निघेना. मग इशबेलने मला विचारलं, जहाजाने गेला त्या दुसऱ्याचं नाव काय होतं. मी चमकले. सगळ्यांकडे पाहिलं. मर्डो कुठे आहे हे प्रत्येक घराने राखलं होतं, पण त्या पोराचं नाव एकाही घरात उरलं नव्हतं. ते फक्त पेगी आजीने माझ्याकडे दिलं होतं.

मी सांगितलं, इयन.

मी कुणाला वळा म्हटलं नाही. पण सगळं गाव खाडीकडे वळलं, पलीकडच्या आर्डमोरच्या पडक्या भिंतींकडे. आता तिथे नुसती मेंढरं असतात. कॅलमने तोंडाला हात लावून ते नाव घेऊन पाण्यापलीकडे हाक मारली, आणि मग एकेकाने मारली.

तुमच्या घरात आमची जागा अशीच राखून ठेवा.

तुमची,
एफी