नऊ नंबरची जर्सी

१ जुलै २०२५
प्राचार्यांनी बोलावून फुटबॉल टीमचा चार्ज दिला. गेल्या वर्षी पाचपैकी पाच मॅच हरलो. पद्धतीचा अभाव, दुसरं काय. फुटबॉल मी कधी खेळलेलो नाही, पण वीस वर्षं भूगोल शिकवतोय. नकाशा वाचणाऱ्याला मैदान वाचता येतंच. उमाला सांगितलं. आधी गुडघ्याची पट्टी शोधा, असं ती म्हणाली. बायकोला यातलं काही कळत नाही.
संकल्प: सकाळी सहाला मैदानावर. रोज.

३ जुलै
सहाला जाग आली. मैदानावर सव्वासात. मुलं तोवर खेळून बसलेली. कान्हा नावाचा मुलगा पाहिला. बारवी धरणाच्या वरच्या पाड्यातला, बीए तिसरं वर्ष. चार जणांना चकवून गोल मारतो. मी सांगण्याआधीच मारतो, हे शिस्तीत बसत नाही.

५ जुलै
कान्हाशी बोललो. मोरिवलीजवळच्या एका कंपनीची टीम आहे. तिथल्या साहेबांनी त्याला शब्द दिलाय: विद्यापीठाची एक मॅच खेळल्याचं सर्टिफिकेट आण, पर्मनंट लावतो. एकच मॅच पुरे हाय सर, असं तो तीनदा म्हणाला. त्याचं हे शेवटचं वर्ष. मी खांद्यावर हात ठेवून म्हटलं, तुझं काम झालं समज. असं बोललं की स्वतःलाच बरं वाटतं.

८ जुलै
ऑफिसातल्या शिवरामनं विद्यापीठाचे फॉर्म दिले. प्रत्येकाचा एक फोटो, सही, शिक्का. शेवटची तारीख ३१. आजच भरून टाका सर, असं म्हणाला. क्लार्कना घाई फार. मुलांचे फोटो पाहिले. कोणी चेक्सच्या शर्टात, कोणी मामाच्या लग्नातल्या कुर्त्यात. फाइल उघडली की टीम दिसली पाहिजे. निर्णय: आधी नवी जर्सी, मग फोटो, मग फॉर्म.

१० जुलै, दुपार
प्रॅक्टिसला जमलं नाही. उल्हासनगर, कॅम्प पाच. ठाकुरदास टेलर. समुद्राच्या खोलीप्रमाणे निळ्याच्या तीन छटा सांगितल्या. साईं, टेन्शन मत लो, आठ दिन में रेडी, असं त्यांचं म्हणणं. कापड मी स्वतः निवडलं. घाम लगेच सुकतो. नऊ नंबर कान्हाचा.

१५ जुलै
बदलापूरच्या कॉलेजशी सरावाची मॅच. ०-६. सहापैकी चार गोल उताराच्या दिशेनं झाले. मैदान कललेलं आहे, हे फक्त माझ्याच लक्षात आलं. दुसऱ्या हाफमध्ये उतार आपल्याकडे होता, तेव्हा आपले का नाही झाले, असं सम्यकनं विचारलं. कॅप्टन आहे, पण प्रश्न फार. कान्हाला मी डिफेन्सला ठेवला होता. डोंगरातला मुलगा, चढावर दम टिकतो.

२१ जुलै
जर्सी आल्या. गोल गळा. मी कॉलर सांगितली होती. सगळ्या परत. तडजोड नाही.

२४ जुलै
भाताची आवणी लागली हाय सर, आठ दिस पाड्यावर जातो, असं कान्हा सांगायला आला. फोटो घेऊन आला होता. पांढऱ्या शर्टातला. परत केला. सगळे निळ्यात आणि एक पांढरा, कसं दिसेल? त्यानं फोटो पुसून खिशात ठेवला. फॉर्मवर सही मात्र घेतली, शिवरामचा शिक्काही. हा फॉर्म या डायरीतच ठेवतोय. म्हणजे विसरायचा प्रश्नच नाही.

३० जुलै
जर्सी आल्या, कॉलरसकट. सगळ्यांचे फोटो. कान्हाचा फोन लागत नाही. पाड्यावर रेंज नसते. तो पांढरा फोटो तरी लावा, असं शिवराम म्हणाला. तो परत केल्याचं मी त्याला सांगितलं नाही.

३१ जुलै
विद्यापीठात सतरा फॉर्म दिले. खिडकीतल्या बाईंनी फाइल न उघडता मागे ठेवली. नंतर बघतील. कान्हासाठी उशिराच्या परवानगीचा अर्ज. उद्या नक्की.

४ ऑगस्ट
कान्हा आला. चिखलानं बोटांची सालं निघालेली. निळ्यात फोटो काढला, फार छान आला. फॉर्म गेला का, असं त्यानं विचारलं. माझ्यावर सोड, म्हटलं.
अर्ज: उद्या.

१३ ऑगस्ट
अर्जाचा मसुदा केला. भाषेत वजन नाही. पुन्हा लिहायला हवा.

२६ ऑगस्ट
उद्या गणपती. अर्ज सुट्टीनंतर. विद्यापीठात तरी आत्ता कोण बसलंय?

९ सप्टेंबर
मॅच. यंदा नॉकआउट, हरलो की बाहेर. तिथल्या अधिकाऱ्यानं यादी दोनदा वाचली. कान्हाचं नाव नव्हतं. तो नऊ नंबर घालून, बुटांच्या नाड्या बांधून उभा होता. मी जरा आवाज चढवला, उपयोग झाला नाही. ०-१. शेवटच्या मिनिटाला बॉल त्यांच्या गोलसमोर तसाच पडून होता. तिथे आपलं कोणी नव्हतं. सम्यकनं माझ्याकडे पाहिलं. कान्हा पाण्याच्या बाटल्यांजवळ बसून होता. त्यानं विचारलं असतं तर उत्तर तयार होतं.

१० सप्टेंबर
फॉर्म सापडला. इथेच, २४ जुलैच्या पानात. सही आहे, शिक्का आहे. फोटोची चौकट रिकामी. शिवरामनं आठवण करायला हवी होती. (केली होती.) उमानं पाहिला. पोळ्या लाटत राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं तिनं.

१२ सप्टेंबर
कंपनीतल्या साहेबांना मी स्वतः भेटलो. कागद नाही तर काही करता येत नाही, असं ते म्हणाले. चहा पाजला.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळ
मोरिवलीच्या नाक्यावर कान्हा दिसला. शेअर रिक्षातून उतरत होता, हातात डबा. त्याच कंपनीत लागलाय, कॉन्ट्रॅक्टवर. सेकंड शिफ्ट. अंगात नऊ नंबर. मी दुकानाच्या पाटीकडे बघायला लागलो, पण तोच जवळ आला. सर, कापड चांगला हाय, भट्टीजवळ पण घाम लगेच सुकतो, असं म्हणाला, आणि गेटकडे गेला.
त्यात टोमणा नव्हता. घरी येईपर्यंत शोधला.