पितरांची भांडी

मलाक्का

बेंग हुआट,

ती गुलाबी ताटली तू माझ्या हातातून काढून घेतलीस तेव्हा मी ती पुसत होते. टेबलावर भरतकामाचा रुमाल घातला होता, कोंबडीचं कालवण झाकून ठेवलं होतं, मधोमध जाईची फुलं होती.

"कोण येणारेय?"

"कुणी नाही. मी जेवणारेय."

"अगं आई, ही भांडी पितरांसाठी असतात. एकटीसाठी एवढा थाट? लोक म्हणतील, म्हातारीचं डोकं फिरलंय."

"लोक येतात का माझ्याबरोबर जेवायला?"

तू ती भांडी कपाटात ठेवून कुलूप लावलंस आणि चावी सिंगापूरला घेऊन गेलास. मी प्लास्टिकच्या बशीत जेवले.

दरवर्षी तुझ्या बाबांच्या तसबिरीपुढे तू हीच भांडी मांडतोस. ते जिवंत होते तोवर पत्र्याच्या थाळीत जेवले, कारण चांगली भांडी फुटतील! उद्या माझ्यासाठीही मांडशील. सगळे म्हणतील, किती सुंदर. चमचा सरळ करून, एक पाऊल मागे सरून टेबलाकडे बघण्यात काय सुख असतं, ते मेलेल्या बाईला कसं मिळणार रे?

तुझी, अजून जिवंत असलेली आई,
गिओक निओ

ता. क. हे पत्र अजून टपालात टाकलं नाही. आज सकाळी शेजारच्या आह लोक नावाच्या सुताराने कुलूप तोडून दिलं. मी आम्हा दोघांसाठी टेबल मांडलं. गुलाबी ताटलीला हात लावायला तो बिचकला.

"आजी, ही मेलेल्यांची ना?"

"आज आपली आहे," मी म्हटलं. "खा."