झापांसकट उंची

देवबाग,
१४ मे २००८

चि. शंकर यास मथुरावहिनीचे आशीर्वाद.

आम्ही बरी आहोत. तुझे दादा रोज होडी घेऊन जातात, बांगडा मात्र रुसलाय. कणकवलीत उकाडा फार असेल. ऑफिसात पंखा तरी आहे ना?

फेब्रुवारीत किनाऱ्यावरच्या घरांची मोजणी करणारं सरकारी विमान येऊन गेलं, त्याआधी तुझा फोन आला होता. ‘वैनी, किनाऱ्यावरची घरां इमानातसून बघतले. नव्या स्लॅबार बांबू उभे करून झाप घाल, वरसून खोपटी दिसात.’ पावसाळ्याआधी भिंतींना बांधतो तेच, झावळ्यांचे विणलेले झाप दादांनी चांगले पुरुषभर उंचीवर घातले. मी खाली उभी राहून हसत होते. पावसात उपयोगी पडतील म्हणून मग ते तसेच ठेवले.

काल तहसील कचेरीतले साहेब नोटीस घेऊन आले. किनाऱ्यालगतच्या घरांना उंचीची मर्यादा नऊ मीटरची आणि आमचं घर म्हणे साडेदहा. वरचा मजला पाडावा लागेल. मी म्हटलं, साहेब, घर नवाच्या आतच आहे. तर म्हणाले, “बाई, विमान नुसते फोटो काढत नाही, लेझर सोडतं. वर जे आधी लागेल तिथपर्यंतची उंची येते. वीतभरसुद्धा चुकत नाही.” झाप कशाला घातले विचारलं, तेव्हा मी पाणी आणायला आत गेले.

दादा म्हणतात, “शंकराक काय म्हायती? तेना बऱ्यासाठीच सांगल्यान.”

दादा भोळे आहेत. तू घरांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात बसतोस. तुला खरंच ठाऊक नव्हतं? गणपतीत तू विचारलंस, वर कोण राहणार? मी म्हटलं, पर्यटक. तू जेवण अर्धवट टाकून उठलास. तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. राग आलाय मला, तो लपवत नाही.

सोमवारी साहेब टेप घेऊन येणार. टेप नवाच्या आत आली, तर म्हणतील झापांच्या आड काही बांधलं होतं, ते नोटिशीनंतर पाडलं. आड काही नव्हतं, झाप तुझ्या सांगण्यावरून घातले, हे तूच येऊन सांगितलंस तर मजला वाचेल. तुझ्या नोकरीला झळ लागेल, कळतं मला. तरी ये.

पर्यटक मी रागाने म्हटलं. वाटणीचा हिशेब मागावा तसं तू विचारलंस, म्हणून. तुझं लग्न झालं की बायकोला घेऊन हक्काने यावंस, यासाठी दादांनी होडीची दुरुस्ती मागे टाकून ती वरची खोली बांधली. ती तुझीच आहे. पाडायची की ठेवायची, ते आता तूच ठरव.

सोमवारपर्यंत तरी तुझी,
मथुरावहिनी