लातूरचा तू

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
लातूर, ता. १२ एप्रिल १९८३

तीर्थस्वरूप अण्णांस,
धाकट्या संगप्पाचे शरणु शरणार्थी, वि. वि.

इकडे सगळे खुशाल. अव्वाचे गुडघे लई दुखतात, पण लेकाचं ऐकते कुठं, टँकर आला की गल्लीत सगळ्यांच्या पुढे घागर घेऊन तीच उभी असते. आठवड्यातून दोनदा पाणी येऊन राहिलंय. आपल्या धंद्याला पाणी लागत नाही, टर्पेंटाइन लागतं, एवढी शिवाची कृपा.

काम मात्र धो धो आहे. मागच्या पंधरा ऑगस्टला जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून जिथं जिथं ‘जिल्हा उस्मानाबाद’ लिहिलं होतं ते सगळं खरवडायचं आणि ‘जिल्हा लातूर’ करायचं. शाळा, दवाखाने, गोदामं, चावड्या. निलंग्यापासून अहमदपूरपर्यंत सायकल मारतो. तुम्ही ब्रश धरायला शिकवला म्हणून हे दिवस आले अण्णा, हे मी सगळ्यांना सांगतो.

आता अडचण. मोठ्या बिलांतून काम देणाऱ्या सरकारी खात्यानं आयकर कापून घेतला. मोठी कंत्राटं घेणाऱ्या गुत्तेदारांचा कापतात तसा! मी कडुलिंबाखाली बसून पाट्या लिहिणारा माणूस, मी कुठला गुत्तेदार? तिथला कारकून म्हणाला की फॉर्म भरा, धंद्याचा खर्च वजा करा, उरलेलं उत्पन्न पंधरा हजारांच्या आत आलं तर कापलेला पैसा परत मिळतो. तुम्ही अठरा वर्षं आयकर वकिलाकडं कारकुनी करता, मग तुम्हांला सोडून कोणाला विचारू? पैसा परत आला की बाजारात गोलाईजवळ एक छोटा गाळा बघून ठेवलाय, त्याची अनामत भरीन म्हणतो. बारा वर्षं झाडाखाली झाली.

खर्चाची यादी सोबत आहे. रंग, टर्पेंटाइन, ब्रश, नवी शिडी, सायकलीचे टायर, चहापाणी. शेवटची रक्कम लिहायला लाज वाटते. सुरुवातीच्या सव्वीस पाट्यांवर मी ‘लातुर’ लिहिलं, तु ऱ्हस्व. नव्या कचेरीतल्या साहेबांच्या नजरेत आलं. जिल्ह्याचं नावच चुकवलं म्हणून लई बोलले. सगळ्या पाट्या पुन्हा रंगवून पुन्हा लिहिल्या, पदरच्या रंगानं. ते तेराशे चाळीस रुपये. तेवढे धरता आले तरच मी पंधरा हजारांच्या आत येतो, नाही तर सगळं मुसळ केरात.

वैनींना नमस्कार. माया आहेच, ती या उन्हाळ्यात आटू देऊ नका. तिचा टँकर येत नाही.

आपला,
संगप्पा

॥ श्री ॥
नांदेड, ता. १९ एप्रिल १९८३

चि. संगप्पा यास अनेक आशीर्वाद.

पत्र आणि यादी पोचली. वाचून डोळे निवले. इथं मी रोज दहा ते सात दुसऱ्यांच्या उत्पन्नाचे आकडे लिहितो. कापूसवाले, सरकीवाले, देगलूरचे आडते. आता त्यात घरचाही एक आला म्हणायचा. तुझी वैनी म्हणाली की भावजींनी आठ महिन्यांत केलं ते तुमच्यानं अठरा वर्षांत झालं नाही. मी म्हटलं, बाई, जिल्हा फुटायलाही नशीब लागतं. आमचं नांदेड आहे तिथंच आहे.

चौदा नंबरचा ब्रश कशाला घेतलास? मी सहा नंबरनं सिनेमाच्या भिंती लिहिल्या आहेत आणि लोक उभं राहून बघायचे. शिडी सागाची! आमच्या वेळी दोन बांबू आणि सुतळी असायची. असो, तुम्ही मोठे लोक.

आता कायद्याचं. रंग, ब्रश, टर्पेंटाइन धरलं, पावत्या पाठव. सायकलीचं अर्धं. शिडी एकदम धरता येत नाही, तिची झीज तेवढी दरसाल धरायची. चहा खोडला. आणि शेवटची रक्कमही खोडली. स्वतःच्या गाढवपणाचा खर्च सरकारनं का सोसावा? कायद्यात बसत नाही. अहमदपूर बरोबर लिहितोस, उदगीर बरोबर लिहितोस आणि जन्मगावच चुकतं? कोणत्या मास्तरानं शिकवला तुला हा ऱ्हस्व तु, त्याचं नाव तरी कळव.

अव्वाला औषध वेळेवर दे. राग मानू नये, मोठ्या भावानं बोलायचं नाही तर कोणी?

तुझा,
गुरुबसप्पा

लातूर, ता. २ मे १९८३

तीर्थस्वरूप अण्णांस,
संगप्पाचे शरणार्थी, वि. वि.

तुम्ही म्हणता ते बरोबर. चूक माझी, तर भुर्दंडही माझाच. पावत्या पाठवतोय. दोन पावत्यांवर रंगाचे डाग आहेत, वकीलसाहेबांना सांभाळून घ्यायला सांगा. गाळेवाल्याला जमणार नाही म्हणून सांगून आलो. झाडाखाली काय वाईट आहे? सावली आहे, गिऱ्हाइकाला लांबून दिसतो.

एक आनंदाची गोष्ट. गावाच्या वेशीवर मोठी कमान उभी केली, तिच्यावर ‘जिल्हा लातूर आपले स्वागत करीत आहे’ लिहायचं काम मला मिळालं. हातभर उंच अक्षरं. तीन दिवस शिडीवर होतो. इथल्या वर्तमानपत्रात फोटो आला, मी पाठमोरा आहे. लोकांनी खाली उभं राहून टाळ्या वाजवल्या तेव्हा तुमची लई आठवण आली. तुम्ही पाहिजे होतात.

मास्तराचं नाव विचारलंत. आठवत नाही.

आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर असू द्या.

आपला,
संगप्पा

लातूर, ता. १६ मे १९८३

सौ. नीलाअक्कांना,
धाकट्या जावेचा, रत्नम्माचा वाकून नमस्कार.

अक्का, तुम्हांला वाचता येत न्हाई, म्हणजे हे पत्र भावजीच वाचून दाखवतील हे मला ठाऊक हाय. म्हणूनच तुम्हांला लिहून राहिले. भावजींना लिहिलं असतं तर सून मोठ्या दिरासंगं भांडली झालं असतं. भावजी, इथं थांबायचं न्हाई. अक्कांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवा.

अक्का, मी गोलाईतल्या मडिवाळप्पा कापडवाल्याकडनं परकर शिवायला आणते. त्यांच्या मुनिमाला सहज विचारलं की धंद्यात चुकून झालेलं नुकसान करात धरतात का. तो हसला. म्हणाला, कापताना वाया गेलेलं कापड आम्ही दरसाल धरतो, त्यात काय एवढं, धंदा करणाऱ्याच्याच हातून चुकतं. मग आमच्या रंगालाच वेगळा कायदा कसा वो? भावजी अठरा वर्षं हेच काम करतात. मुनिमाला ठाऊक अन् भावजींना न्हाई, असं व्हईल का?

दुसरं. आमच्या ट्रंकेत एक पुठ्ठा हाय. भावजी नोकरीला नांदेडला निघाले तेव्हा बारा वर्षांच्या भावाला गिरवायला गावांची नावं लिहून देऊन गेले होते, खाली सही अन् साल, १९६४. आमचे हे अजून कुठलंबी गाव लिहायचं तर आधी तो पुठ्ठा काढून बघतात. देवाला हात लावावा तसा लावतात. त्यावर उदगीर बरोबर हाय, अहमदपूर बरोबर हाय, अन् लातूरचा तु ऱ्हस्व हाय. साहेब बोलत होते तेव्हा ह्यांना पुठ्ठा दाखवता आला असता. न्हाई दाखवला. मी म्हटलं अण्णांना तरी कळवा, तर माझ्यावरच डोळे काढले. म्हणाले, अण्णांचं अक्षर चुकलं असं ह्या घरात बोलायचं न्हाई.

अक्का, माझं काय चुकलं असंल तर धाकटी समजून पोटात घाला. पण वाचणाऱ्यानं एकबी ओळ गाळू नये.

तुमची,
रत्नम्मा

नांदेड, ता. २४ मे १९८३

चि. संगप्पा यास आशीर्वाद. द्यायचा अधिकार आहे की नाही ते तू ठरव.

रत्नम्माचं पत्र मी नीलाला पुरतं वाचून दाखवलं. मध्ये अडलो. का थांबलात म्हणून तिनं विचारलं. अक्षर लागत नाही म्हणालो. ती म्हणाली, तुम्ही वकिलाचं अक्षर लावता, रत्नम्माचं का लागत नाही? मग वाचलं. ती उठून अंगणात जाऊन बसली, ते जास्त लागलं.

तो तु मला आठवला. खालच्या ओळीत निलंगा आधीच लिहून झालं होतं आणि दीर्घ काढला असता तर त्याचं शेपूट निलंग्याच्या टिंबावर आलं असतं. पुठ्ठा एकच होता. मी म्हटलं, पोराला काय कळतंय. गाडीची वेळ झाली होती.

आणि कायदा मला ठाऊक होता. तुझी रक्कम वजा होते, अगदी सरळ होते. मी लाल पेन्सिल घेतली आणि खोडली. का, ते सांगतो, म्हणजे पुन्हा सांगायला नको. अप्पा गेले तेव्हा घरात एकाला पगार पाहिजे होता. मी ब्रश धुऊन तुझ्या हातात दिला आणि इथं येऊन टेबलाला बसलो. तू पाट्या लिहून कसंबसं पोट भरत होतास तोवर मला तुझी दया यायची, आणि खरं सांगू, ती दया मला गोड लागायची. मग तुझा जिल्हा झाला. तुझी यादी आली. चौदा नंबरचा ब्रश, पाच रंगांचे डबे, सागाची शिडी. रात्रीच्या जेवणानंतर ती यादी मी चारदा वाचली. कापूसवाल्यांचे लाख रुपये लिहिताना मला कधी काही झालं नाही. तुझ्या ब्रशाच्या साडेअकरा रुपयांनी पोटात आग पडली. जळलो रे मी. भावावर जळलो.

नवा फॉर्म भरून पाठवतोय. सगळी रक्कम धरली आहे. फुलीच्या जागी सही कर. चहा मात्र खरंच बसत नाही, तो मी जळून खोडलेला नाही.

रत्नम्माला सांग, एकही ओळ गाळली नाही.

गुरुबसप्पा

लातूर, ता. ३ जून १९८३

तीर्थस्वरूप अण्णांस, शरणार्थी.

सही करून फॉर्म दाखल केला.

मला राग आला, अण्णा. तुम्ही जळलात म्हणून नाही. पहिल्या तारखेला तुमचा पगार येतो आणि मी गिऱ्हाइकाच्या दारात तीन तीन खेटे घालतो, तेव्हा मी काय कमी जळलो? बाहत्तरच्या दुष्काळात तुम्ही मनीऑर्डर पाठवायचात आणि मी सही करताना दात खात होतो. राग याचा आला की मी गाळेवाल्याला नाही सांगून आलो, मी पाठवलेल्या पत्रात ते लिहिलं होतं, आणि तरी तुम्ही तीन आठवडे गप्प बसलात. रत्नम्मानं लिहिलं नसतं तर गप्पच राहिला असतात.

गाळा आता सटवाजी घड्याळवाल्यानं घेतला.

अव्वाला यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्हीही कळवू नका.

संगप्पा

लातूर, ता. १० नोव्हेंबर १९८३

ती. अण्णांस, शरणार्थी.

पाच महिने पत्र नाही, माझीच चूक. आयकर कचेरीची नोटीस आली. एकच पाटी दोनदा रंगवली याला पुरावा काय, स्वतः हजर राहून सांगा असं म्हणतात. तारीख दोन डिसेंबर. मला साहेबांपुढं बोलता येत नाही, अक्षरं लिहिता येतात तेवढीच. पुठ्ठा दाखवायचा तर तुमची परवानगी पाहिजे. तुम्ही आलात तर बरं होईल. नाही आलात तर पुठ्ठा ट्रंकेतच राहील, मग पैसे गेले तरी चालतील.

यंदा पाणी बरं झालंय. वैनींनाही आणा, अव्वा वाट बघते.

संगप्पा

नांदेड, ता. ९ डिसेंबर १९८३

चि. संगप्पा यास अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. रत्नम्मानं बांधून दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी लोह्याच्या स्टँडपर्यंतच संपली. तुझी वैनी म्हणते, रत्नम्माच्या हाताला चव आहे आणि जिभेला धार आहे, दोन्ही तिला आवडलं.

कचेरीत तू सगळा वेळ चपलांकडे बघत होतास, म्हणून काय काय झालं ते तुला कळलं की नाही कोण जाणे. पुठ्ठा मीच साहेबांच्या टेबलावर ठेवला. अठरा वर्षं मी अशा साहेबांपुढं दुसऱ्यांचे कागद सरकवले, स्वतःची चूक पहिल्यांदाच सरकवली. मी म्हटलं, साहेब, हे अक्षर माझं, ही सही माझी, यानं मी लिहून दिलं तसं लिहिलं. साहेबांनी चष्मा काढून बघितलं. लातुर बघून हसले, म्हणाले, तुमचा एक उकार सरकारला भलताच महागात पडला. मग रक्कम मान्य केली. पैसे परत यायला तीन-चार महिने लागतील, घाई करू नकोस. गोलाईत दुसरा गाळा बघायला लाग.

कमान बघायला तू नेलंस, तिथं मी काहीच बोललो नाही हे तुला लागलं असणार. संगप्पा, अक्षर चांगलं आहे. माझ्याहून चांगलं आहे. तिथं उभं राहून हे तोंडानं बोलवलं नाही. अजूनही जळतो मी, ते गेलेलं नाही, एवढ्यात जाईलसं वाटतही नाही. पण आता तुला सांगून जळतो.

एक गोष्ट राहिली. माझी जबानी लिहून घेताना साहेबांच्या लेखनिकानं नाव विचारलं, गाव विचारलं, मग धंदा विचारला. वकिलाकडे कारकून, असं सांगायला मी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, पेंटर. त्यानं लिहूनही घेतलं. खाली मी सही केली. खोटं आहे ते, आणि कागदही सरकारी. तुला त्याची नक्कल मिळेल, तेव्हा तू ते वाचशील.

दुरुस्त करायला सांगू नकोस.

तुझा,
अण्णा