खातं कुणाच्या नावाचं

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मावशीचे अ. उ. आ.

नवा गुडघा रुळतोय. फिजिओथेरपीवाली रोज येते, पाय वाकवून घेते आणि मी कण्हले नाही की शाबासकी देते. उभा जन्म पोरांना तलावात ढकलून पोहायला शिकवलं, आता मलाच शाबासकी मिळते आहे. उन्हाळ्यापर्यंत पाण्यात उतरायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून दिवसभर टीव्ही. तू भेटायला आलीस तेव्हा ते मालिकांचं ॲप घालून दिलंस ना, त्यावर जहाजावरच्या एका डॉक्टरीणबाईची मालिका लावते. बाई हाताने पक्की, पण प्रेमात अगदीच कच्ची.

काल ऐन ऑपरेशनच्या प्रसंगात चित्र थांबलं आणि पाटी आली, की या खात्यावर एकाच वेळी फार जण बघत आहेत. तुझ्या आईला फोन केला, तर म्हणाली की मीही तेच बघतेय आणि मी काही उठणार नाही. तुझी आई लहानपणीही झोपाळ्यावरून उठायची नाही. पण मग प्रश्न पडला, आम्ही दोघी, तू तिसरी, बाकीचे कोण? आणि मुळात खातं कुणाचं? पेपरचं बिल मी भरते, दुधाचं भरते, याचंही भरीन. स्वस्त, मधला आणि प्रीमियम असे तीन प्लॅन दिसतात. कुठला घेऊ ते सांग.

फोनवर तू सगळं ठीक आहे म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून मुद्दाम पत्र लिहितेय. कागदावर खोटं लिहायला तुला कधीच जमलं नाही.

माया आहेच, ती कमी पडू देऊ नकोस.
तुझी मावशी


११ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र लॅबमध्ये आलं. मी मेणात दात बसवत होते. एका आजोबांची कवळी आहे, त्यांना पूर्वीसारखी पुढच्या दातांत थोडी फट हवी आहे. हसू आलं आणि मग तुझा प्रश्न वाचून हसू गेलं.

खातं त्याचं आहे. तुझ्या माजी जावयाचं. घटस्फोटाच्या वेळी आम्ही भांडी वाटून घेतली, पुस्तकं वाटून घेतली, कपाटासाठी थोडी ओढाताणही झाली. या खात्याचं नाव मात्र कुणी काढलं नाही. तो प्रीमियमचे पैसे भरत राहिला आणि आम्ही तिघी बघत राहिलो. आई म्हणते, भरतोय तर भरू दे, तेवढाच आपला फायदा.

फायदा कसला ते तुला सांगते, आईला सांगू नकोस. ॲप उघडलं की प्रत्येकाच्या नावाचा चौकोन येतो. तुझ्या टीव्हीवर मी थेट तुझाच लागेल असं करून ठेवलंय. माझ्या शेजारी त्याचा. मी आधी त्याचा उघडते. काय बघतोय, कुठवर आलाय, काय अर्धवट सोडलं. भरदुपारी काही लागलेलं दिसलं की वाटतं, आज कामावर गेला नाही, बरं नसेल का. मग माझ्या चौकोनात येऊन काहीतरी लावते, पण लक्ष लागत नाही.

महिन्याभरापूर्वी तिथे एक नवा चौकोन आला. त्यावर सशाचं चित्र आहे आणि आत सगळी लहान मुलांची कार्टून. म्हणजे त्याच्या घरात मूल आहे. कुणाचं मूल, त्याची आई कोण, हे मी सशाकडे बघून ठरवत बसते. तुझी डॉक्टरीण प्रेमात कच्ची आहे म्हणालीस, तेव्हा वाटलं तुला सगळं आधीच कळलंय.

तू स्वस्तातला प्लॅन घे. एकटीला पुरेल.

राग आला तरी लोभ तसाच ठेव.
तुझी भिंगरी


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

राग आला नाही. तुझी आई विचारत होती पत्रात काय आहे, तिला गुडघ्याबद्दल सांगून वाटेला लावलं.

तुझं ऐकून स्वस्तातला प्लॅन घेतला. तो फक्त फोनवर चालतो आणि मधे जाहिराती येतात. पेशंटचं पोट उघडलेलं, आणि एकदम एक बाई फरशी पुसायचं औषध दाखवायला लागली. फोन छातीवर धरून बघायचा, म्हणजे मान आखडते. एका महिन्याच्या वर मी हे करणार नाही. प्लॅनचं म्हणशील तर माझं मत पक्कं झालंय. बसची वाट बघताना कुणी एकट्याने बघायचं असेल तर हे ठीक. वेगवेगळ्या घरांतून तिघीचौघींना बघायचं असेल, मोठ्या पडद्यावर, मधे कुणी न बोलता, तर प्रीमियम घ्यावा. आणि महिना संपला की बघावं, खरंच किती वेळा लावलं. नाही लावलं तर बंद करावं. त्यात लाज कसली?

आता तुझं. रोज संध्याकाळी त्याच्या खिडकीशी जाऊन आत डोकावायचं आणि घरी येऊन आडवं पडायचं, याला मी फुकट म्हणणार नाही. तू वाळलीस ते मला दवाखान्यातच दिसलं होतं. सशाला काय विचारतेस? त्यालाच फोन कर. सरळ विचार. जे असेल ते ऐकून घे, आणि मग खात्याचं काय करायचं ते ठरव. वाईट ऐकायला मिळालं तर गाडीत बसून इकडे ये. एक खोली रिकामी आहे आणि मी कुठेही पळून जाऊ शकत नाही.

माझी माया तुझ्या पाठीशी आहे, तुझी अशीच पोचती कर.
मावशी


३ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला. लॅबच्या मागच्या जिन्यात, जेवणाच्या सुट्टीत.

ससा त्याच्या भाचीचा आहे. त्याच्या बहिणीची इकडे बदली झाली, घर मिळेपर्यंत ती लेकीला घेऊन त्याच्याकडे राहते. मावशी, हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी जिन्यावर बसलेच. आणि बसल्या बसल्या कळलं, की एवढं हलकं वाटणं काही बरं लक्षण नाही. वर्ष होत आलं, आणि मी अजून वाट बघत होते.

मग तो स्वतःच म्हणाला की तोही माझा चौकोन बघतो. मी एकच जुनी मालिका परत परत लावायला लागले की त्याला कळायचं, माझं काहीतरी बिनसलंय. आम्हाला काढून टाकावंसं त्याला बऱ्याचदा वाटलं, पण सासूबाईंच्या मालिका तुटतील म्हणून हात धजावला नाही. अजून तो आईला सासूबाईच म्हणतो. राहू दे चालू, मला काही जड नाही, असंही म्हणाला.

हो म्हणणं सोपं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण एका घरात असताना आम्ही आठवडाभर एकमेकांशी बोलायचो नाही, आणि आता लांबून एकमेकांचे चौकोन वाचतोय. मी त्याला सांगितलं की तू चांगला आहेस, पण मी निघते. तो म्हणाला, बरं. नीट म्हणाला.

आमचे तिन्ही चौकोन मीच पुसले. माझा सगळ्यात शेवटी. मग माझ्या नावावर प्रीमियम घेतला. आई म्हणाली, चांगलं चालू होतं ते सोडून विकत कशाला. मी म्हटलं, आता खातं आपलं आहे, तू झोपाळ्यावरून उठू नकोस. तुला वेगळा पासवर्ड पाठवलाय, तो फोनवाला प्लॅन महिना संपल्यावर बंद कर. रविवारी दुपारी तिघींनी आपापल्या घरी डॉक्टरीण एकदमच लावायची. फोन चालू ठेवायचा. आईने मधे बोलायचं नाही, हे तिला तू सांग.

रडले, पण एकदाच. कळावे, आणि लोभ आता खात्रीने मागते.
भिंगरी


२० मे

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू तलावावर परत गेलीस आणि पहिल्याच दिवशी नव्या शिक्षकाला श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलंस, असं आईकडून कळलं. आईही आता रविवारी सापडत नाही. ती तुझ्यासोबत काठावर पाय बुडवून बसते आणि लोकांच्या पोहण्यातल्या चुका काढते म्हणे. मीही शनिवारी लॅबमधल्या मैत्रिणींबरोबर टेकडीवर जायला लागले. येताना इतकी भूक लागते की जेवून कधी झोप लागते कळत नाही.

डॉक्टरीण शेवटी कुणाशीच लग्न न करता बंदरावर उतरली, ते आपल्याला तिघींनाही पटलं. त्यानंतर महिनाभर कुणीच काही लावलं नाही. तू सांगितलं होतंस तसं बघितलं, आणि काल प्रीमियम बंद केला. पुढचा भाग आला की परत घेऊ, तेव्हाही माझ्याच नावावर.

बंद करताना ॲप फार गळ घालतं. खरंच जाताय का, दोनदा विचारतं. मग कारण निवडायला सांगतं. महाग वाटतं, आवडीचं काही नाही, दुसरीकडे बघतो. यातलं एकही खरं नव्हतं, म्हणून मी ‘इतर’ निवडलं. खाली लिहायला थोडी जागा होती. तिथे लिहिलं, सध्या घरी कोणी नसतं.

पुढच्या आठवड्यात येतेय. मलाही पाण्यात ढकल. लोभ किती आहे ते तिथेच बघू.

तुझी भिंगरी