बाणांच्या पुंगळ्यांचा कागद

अत्लिस्को, ४ सप्टेंबर १८१३

ती. एदुविहेसताईस,
ब्रिहिदाचा शि. सा. न. वि. वि.

रद्दीचा गठ्ठा पोहोचला. तिबुर्सियो खेचरवाल्याने दारातूनच ओरडून सांगितले की, पुएब्लाच्या छापखानेवाल्या बाईंनी या खेपेस डोंगर पाठवला आहे. आमच्या गल्लीत गुप्त असे काही राहत नाही. स्पेनच्या राजाविरुद्ध बंड पेटून तिकडचा कागद येईनासा झाल्यापासून तुझ्या वाया गेलेल्या तावांवरच आमचे शोभेचे दारूकाम चालते. यंदा सान मिगेलच्या जत्रेत फौजेचा विजयही साजरा व्हायचा असल्याने कमांडंटसाहेबांनी दुप्पट बाण मागवले आहेत. आमचे हे, इलारियो, पुंगळ्या वळता वळता जेवायचेही विसरतात.

येथे कुजबुज आहे की, पुएब्लात कोणीतरी बंडवाल्यांची पत्रके छापते. त्या कोणीतरीला माझा निरोप दे की, तिच्या धाकट्या बहिणीला झोप लागत नाही.

लोभ आहेच; त्यात काळजीची भर घालू नये, ही विनंती.
तुझी,
ब्रिहिदा


पुएब्ला, १३ सप्टेंबर १८१३

चि. सौ. ब्रिहिदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप त्या बाईला पोहोचला. ती म्हणते की, लहानपणी अंथरूणभर लोळणाऱ्या बहिणीमुळे तिचीच झोप उडत असे. आता फिटंफाट झाली.

थट्टा पुरे. दुपारी सारी गल्ली वामकुक्षी घेत असते, तेव्हा मी आणि आमचा छापखान्यातला गडी पान्फिलो ती पत्रके छापतो. पहिल्या काही तावांवर शाई नीट बसत नाही. ते ताव कोपऱ्यातल्या टोपलीत टाकायचे आणि टोपली भरली की तुमच्याकडे धाडायची, ही तुझ्या दिवंगत मेहुण्यांपासूनची रीत. पान्फिलोचा हात त्याच रीतीने चालला. जाळण्यासाठी मी ते ताव मागितले, तेव्हा त्याने रिकामी टोपली दाखवली. ताव तुमच्याकडे पोहोचलेले होते.

इलारियोला वाचता येत नाही, म्हणून गठ्ठा तू स्वतः निवड. प्रार्थनांचे ताव ठेव, बाकीचे चुलीत घाल, हे पत्रही. माझ्या छपाईच्या अक्षरांचे झिजलेले खिळे पुएब्लात कोणीही ओळखील, आणि या कामाला शिक्षा एकच आहे.

माझ्यावरचा लोभ चुलीत घालू नकोस.
तुझी ताई,
एदुविहेस


अत्लिस्को, २ ऑक्टोबर १८१३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र जत्रेच्या दुसऱ्या दिवशी हाती आले. फौजेने घाटात खेचरे अडवून ठेवली होती.

बाण फार सुरेख उडाले. कमांडंटसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग अर्धवट जळालेले कपटे खाली येऊ लागले आणि एक थेट त्यांच्या टोपीवर बसला. तो त्यांनी वाचला, आणि ह्यांना तेथूनच कोठडीत नेले. कागद कोणी दिला, असे विचारतात. हे म्हणतात की, कागद म्हणजे कागद, त्याला कोण विचारतो तुझा बाप कोण म्हणून. आता कपटे पुएब्लाला पाठवून खिळे ताडून पाहणार आहेत.

तू शहर सोडून जा, असे लिहावे, तर ह्यांचे काय होईल?
तुझी,
ब्रिहिदा


पुएब्ला, ४ ऑक्टोबर १८१३

चि. सौ. ब्रिहिदास,
आशीर्वाद.

किल्ल्या पान्फिलोला दिल्या आहेत. गुरुवारी मी तेथे येते आणि कागद माझा होता, हे कमांडंटांना सांगते. इलारियोला आधी कळू देऊ नकोस. तो हट्टाने स्वतःवर घेईल. तुझ्या हातची मक्याची पेज मात्र आधी घेईन, मग ठाण्यावर जाईन.

भेटीअंती लोभ प्रत्यक्षच.
एदुविहेस


अत्लिस्को, ६ ऑक्टोबर १८१३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निघू नकोस. तिबुर्सियोला उलट पावली पाठवत आहे. हे घरी आले.

उन्हाळ्यात येथे बंडवाल्यांची पत्रके जप्त झाली होती आणि ती चौकात जाळण्याचा हुकूम होता. पण या टंचाईत कागद कोण जाळतो? ठाण्याच्या कारकुनाने मक्याची सालटी पेटवून धूर केला आणि कागद गुपचूप ह्यांना विकला. मलाही हे आजच समजले. ह्यांनी कमांडंटांना शांतपणे सांगितले की, तो माल साहेबांच्याच ठाण्याचा. 'आपण जाळायला सांगितला आणि मी तो आकाशात नेऊन जाळला,' असे म्हणाले. कारकुनाचा चेहरा पाहून कमांडंटांनी पुढे काही विचारले नाही. सगळे जाळल्याच्या अहवालावर त्यांचीच सही होती. पुएब्लाला जायचे कपटे त्यांनी स्वतः शेगडीत टाकले.

आता हे काम थांबव, असे लिहायला बसले होते. इतक्यात धुणेवाली रेफुखिया आली. जत्रेत वेचलेला एक कपटा तिने पदरात बांधून ठेवला होता. तो वाचून दाखव म्हणाली. त्यावर एवढेच होते : 'आजपासून कोणाही आदिवासीने राजाचा कर'. पुढचे जळून गेले होते. तिचे वडील त्याच करापायी फटके खाऊन गेले. भरावा की भरू नये, असे तिने मला दोनदा विचारले. मला ठाऊक नव्हते. ती अजून ओसरीवर बसून आहे.

तेव्हा ताई, एक अख्खा ताव पाठव.

तुझ्या लोभाची,
ब्रिहिदा