शेवटचा नट उस्तादांचा

उस्ताद, माझी सून कामावर जाता जाता इंजिनियरची डिग्री घेऊन मोकळी झाली. तुम्हाला जाऊन माझी सारी जवानी सरली, आता हे कळवायचं तसं काही कारण न्हाई. पण तिच्या ह्या शिक्षणात तुम्ही येऊन बसलात, म्हणून लिहितोय. मला लिहायचा कंटाळा हाय. सातवीत शाळा सुटली ती तुमच्या उदगीरच्या मशीन दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडलो, त्याच्या पुढं पेन धरला तो सही करायपुरता. तेव्हा थोडक्यात सांगतो, थोडक्यात जमलं तर.

तुमच्या माघारी मी लातूरला डाळ मिलची मशिनं बनवणाऱ्या कारखान्यात गेलो आणि रिटायर होईस्तोवर तिथंच राहिलो. सूनही तिथंच लागली. डिप्लोमा झालेली पोरगी, डोकं बरं हाय, बोलते कमी. लग्नाला वर्ष झालं न्हाई तर एक दिवस माझ्यापुढं येऊन म्हणली, "मामा, कंपनी मला पुढं शिकवणार हाय. आठवड्यातले चार दिवस काम, दोन दिवस नांदेडला कॉलेज. पगार चालू राहणार. डिग्री अप्रेंटिस म्हणतात." अप्रेंटिस म्हणजे शागिर्द, एवढं मला कळतं. विचारलं, डिग्री कशाची. म्हणे इंजिनियरिंग मॅनेजमेंट. म्हणलं, "म्हणजे मशीन बनवायचं का माणसं हाकायची?" तर म्हणली, "दोन्हीच्या मधलं, मामा." दोन्हीच्या मधलं काय असतं ते मला अजून नीट उमगलं न्हाई. पण मला शक आला तो तिथंच. त्या मालकाला मी तो तरणा होता तेव्हापासून वळखतो. चहा पाजला तर कपात किती राहिला ते बघणारा माणूस. तो दुसऱ्याच्या सुनेला पगार देऊन शिकवतो म्हणजे त्याला काहीतरी पाहिजे. कंपनीचा कागद मी तिला मोठ्यानं वाचायला लावला, एकदा न्हाई, दोनदा. पोरगा वैतागला. म्हणला, "बाबा, तुम्हाला देवळात गेलं तरी घंटा कुणी बांधली ते पाहिजे." म्हणलं, हाव, पाहिजे. डोक्यावर पडली तर?

मग डोळे तपासायचं निमित्त करून मी नांदेडची एसटी धरली आणि सरळ कॉलेजच्या फाटकापुढं जाऊन टपरीवर बसलो. खरंच कॉलेज होतं. दुपारी सगळे बाहेर आले, त्यात आमची सून. बाकीचे कसले विद्यार्थी, एकाला टक्कल पडलेलं, एकजण फोनवर घरी गॅस संपला का विचारून राहिला होता. सगळ्यांच्या अंगावर आपापल्या कंपनीचे शर्ट. कठड्यावर बसून डबे खाल्ले आणि पुन्हा आत पळाले. फाटकावरच्या शिपायाला मी विचारलं, "इथं खरंच शिकवतात का?" तो म्हणला, "शिकवतात की बाबा. शिकतात का ते मला इचारू नका." ते ऐकून मला जरा बरं वाटलं. खोटं कॉलेज असतं तर शिपायानं लई तारीफ केली असती.

दोन वर्षं असं चाललं. तिसऱ्या वर्षी पाणी गेलं. उस्ताद, तुम्ही ते बघितलं न्हाई ते बरं. लातूरच्या नळाला महिना महिना थेंब न्हाई, रेल्वेनं पाणी आलं, टाक्यांपुढं घागरींच्या रांगा, पोलीस उभा करावा लागला. तूर आली न्हाई, डाळ मिल बंद, मग मिलची मशिनं कोण घेतो. कंपनीनं टँकर भरायच्या पंपाचं काम धरलं. इंजिन, पंप, खाली लोखंडी चौकट, सगळं जोडून रंगवून द्यायचं. आणि त्याच टायमाला सुनेला नांदेडच्या सरांनी शेवटचं काम दिलं. जिथं नोकरी करता तिथं काम कुठं अडतं ते हुडका, मोकळं करून दाखवा आणि लिहून आणा. मोकळं झालं न्हाई तर डिग्री न्हाई. हिनं हुडकलं. कारखान्याच्या अंगणात पंप तयार उभे होते, रंग वाळलेला, आणि बाहेर टँकरवाले बोंबलत होते. कशासाठी उभे, तर शेवटच्या नटासाठी.

आता तुम्हाला समजलंच असेल. सगळं मशीन शागिर्दानं जोडायचं, फक्त एक नट हातानं फिरवून तसाच ढिला सोडायचा. तो पान्यानं आवळणार उस्ताद. उस्तादाचा हात लागल्याशिवाय माल दुकानाबाहेर जाणार न्हाई. ही तुमची रीत मी लातूरला नेली होती. मी मोठा मिस्त्री झालो तेव्हा शेवटचा नट माझा. मी निघालो तेव्हा माझ्या हाताखालचा मोठा मिस्त्री झाला, नट त्याचा. त्या दुष्काळात तो गावोगाव पंप बसवत फिरत होता, आणि कारखान्यात तयार पंप त्याची वाट बघत होते. सुनेनं त्याला विचारलं, तर तो म्हणला, "ताई, ही तुमच्या सासऱ्याची शिकवण हाय. आधी घरी विचारा, मग माझ्याकडं या."

ती माझ्याकडं आली. मी बाजेवर बसलो होतो. "मामा, तो नट कशासाठी ठेवायचा?"

"रीत हाय."

"कुणाची?"

"माझ्या उस्तादांची."

"हाव, पण त्यानं होतं काय? जोडणारा फिटर तो तिथल्या तिथं आवळू शकतो की."

म्हणलं, "तुझ्या सरानं माझ्या उस्तादांची झडती घ्यायला पाठवलंय का तुला?" तिनं मान खाली घातली न्हाई. म्हणली, "झडती न्हाई मामा. तुम्ही कारण सांगा, मी कारण लिहिते. पण मिस्त्री तुमच्याशिवाय कुणाचं ऐकणार न्हाईत, आणि हे अडकलं तर माझी तीन वर्षं पाण्यात." पाण्यात म्हणली आणि तिला स्वतःलाच हसू आलं, कारण पाणीच नव्हतं. मला हसू आलं न्हाई. मला वाटलं, आता मालकाचा डाव कळला. जुन्या माणसाला काढायचं तर बाहेरचा माणूस कशाला, त्याच्याच घरातली सून शिकवून तयार करायची. चार दिवस मी तिच्याशी बोललो न्हाई. ती ताट वाढत होती, मी जेवत होतो, आणि त्या पंपांचा विचार डोक्यातून जात नव्हता.

आणि मग तुम्ही आठवून राहिलात. उस्मानाबादेतून तोडून लातूरचा नवा जिल्हा केला ते साल. तुम्ही खूश, कचेरी जवळ आली म्हणून. तेव्हाही पाण्याची मारामारी. गावोगावचे हापसे बंद पडलेले, नव्या कचेरीनं त्यांची वरची डोकी, दांड्यासकट, दुरुस्तीला आपल्याकडं पाठवलेली. पण कचेरी नवी, कोणता साहेब कोणत्या खोलीत बसतो ते शिपायालाही ठाव न्हाई, म्हणून तुम्ही सारखे लातूरला. जाताना सांगून जायचे, "मैं आतूं तबतक कुछ बाहर नै जाता." आणि तयार झालेली डोकी लिंबाखाली ओळीनं पडलेली. एक दिवस देगलूर रोडच्या एका गावातून बैलगाडी घेऊन एक बाई आली. सोबत दोन बाप्ये होते, पण बोलणार ही.

"आमचं तयार हाय का?"

"तयार हाय."

"मंग उचला रे."

"उचलू नका. उस्ताद आल्याशिवाय मिळत न्हाई."

"काय राहिलं त्याचं?"

"एक नट."

"मंग आवळ की."

"मी आवळत नसतो."

ती माझ्या हाताकडं बघून म्हणली, "बरा तर दिसतोय हात. का लग्नाला ठेवलाय नीट?" दोघं बाप्ये लई हसले. मी पाना पायाखाली घेऊन बसून राहिलो. तीही बसली, सावली सरकेल तशी सरकत. तुम्ही दिवेलागणीला एसटीतून उतरलात, टोपी झटकली, पाना घेतला. हे मी तुम्हाला आत्ता विचारतोय, तेव्हा विचारायची माझी टाप नव्हती. तुम्ही तो नट आवळताना त्याच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. तुम्ही कचेरीतल्या कारकुनाला शिव्या देत होता. साखळी बघितली न्हाई, दांडा एकदा हलवून बघितला न्हाई. तपासणी असती तर दांडा तरी हलवला असता. मग ते होतं काय? आणि त्याच्या आधी एकदा मी घाईत नट आवळून टाकला होता, तेव्हा मी आवळलेला ढिला हाय का ते तुम्ही बघितलं न्हाई. माझ्या हातातला पाना घेतला, सगळं डोकं खोलायला लावलं, आणि एवढंच विचारलं, "तेरी दुकान है क्या?" मी इतकी वर्षं समजत होतो की माझं आवळणं कच्चं होतं. बाजेवर बसून पुन्हा आठवलं तेव्हा कळलं, तुम्ही आवळण्याबद्दल बोललाच नव्हता.

म्हणजे शक आता सुनेवरचा उठून तुमच्यावर बसला. तुमचा आमच्या हातावर भरवसा नव्हता, का भरवसा होता म्हणूनच ती भीती होती, की हे पोरं आपल्याशिवाय दुकान चालवतील? मी हे सुनेला बोललो न्हाई. पाचव्या दिवशी ताट वाढताना तिनंच विचारलं, "मामा, उस्तादांचं राहू द्या. तुम्ही मिस्त्री होता तेव्हा तुम्हाला तो नट कशाला पाहिजे होता?" मी म्हणलं, मीठ कमी हाय भाजीत. खरं सांगायचं तर सगळ्या कारखान्यात हाका पडायच्या, मिस्त्री कुठं हायत, मिस्त्रींना बोलवा. ते कानाला बरं लागायचं. घरी बसल्यापासून मला कुणी हाक मारत न्हाई, जेवायला सोडून.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेलो. मिस्त्री नुकताच गावावरून आलेला, त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. मी बसलो न्हाई. म्हणलं, "तो नट सोड. जो फिटर जोडतो त्यालाच आवळू दे." तो लगेच ऐकणारा माणूस, पण ह्या वेळी अडला. "दादा, तुमच्यापुढं मी बोलत न्हाई. पण ही तुमची रीत न्हाई, तुमच्या उस्तादांची हाय. तुम्हीच सांगायचे. ती तुम्ही कशी मोडणार?" सून मागं उभी होती, फिटर पोरं कामं थांबवून बघत होती. बाहेर टँकरचा हॉर्न चालू. तो म्हणला, "उस्तादांनी मोडली असती का?"

मी म्हणलं, "त्यांनीच मोडली होती."

"कधी?"

"नवा जिल्हा झाला तेव्हा. हापशाची डोकी पडून होती. एक बाई दिवसभर बसली होती. उस्ताद लातूरहून आले, बघितलं, आणि पाना माझ्या हातात दिला. म्हणले, ज्यानं जोडलं त्याचा हात म्हणजे माझाच हात. पाणी माझ्यासाठी थांबता कामा नये."

तो म्हणला, "हे मला कधी सांगितलं न्हाई, दादा."

"तू कधी विचारलं न्हाईस."

त्यानं खिशातला पाना काढला आणि जवळच्या फिटरला दिला. बस, एवढंच. दोन दिवसांत अंगण रिकामं झालं. सुनेनं नांदेडला जाऊन ते सगळं सरांपुढं मांडलं. तुमचं नाव घातलं न्हाई, एक जुने उस्ताद असं लिहिलं. पण तुमचं वाक्य, म्हणजे मी तुमच्या तोंडी घातलेलं, ते जसंच्या तसं घातलं. सर म्हणे दोनदा वाचा म्हणले. तिला डिग्री मिळाली, फोटो भिंतीवर हाय, काळ्या झग्यात. तो झगाही भाड्याचा, पण जाऊ द्या. मालकाला काय पाहिजे होतं ते मला अजून सापडलं न्हाई. सापडेल.

डिग्री मिळाल्यावर तिनं एकदाच विचारलं, "मामा, उस्ताद खरंच तसं म्हणले होते?" मी म्हणलं, "तुला डिग्री पाहिजे होती का साक्षीदार?" ती आत गेली. तिला कळलंय असा मला शक हाय.

तुम्ही तसं कधी म्हणला न्हाईत, उस्ताद. त्या बाईला तुम्ही पाणीसुद्धा विचारलं न्हाई. आता नांदेडच्या कॉलेजात तुम्ही लई मोठ्या मनाचे ठरलात आणि मी काही तिथं जाऊन ते खोडणार न्हाई. हा कागद टाकायला पेटी न्हाई, असती तरी टाकला नसता, तुम्ही वाचून माझी खरडपट्टी काढली असती. खोटं बोलल्याचं मला काही वाटत न्हाई. पण त्या दिवशी मिस्त्रीपुढं ते वाक्य माझ्या तोंडातून इतकं सरळ आलं, एकदाही अडखळलो न्हाई, तेव्हा मला कळलं की ते मी तिथं उभं राहून रचलं नव्हतं. ते मला तुमच्याकडून ऐकायचं होतं, आणि लई दिवसांपासून तोंडपाठ होतं.